सातवं भांडं

नवस बोलताना वडिलांनी अट घातली होती:
अर्शावीर परत आला, तर मेंढा.
चर्चच्या दारात, टोपी हातात धरून, मोठ्यानं,
म्हणजे तेर हुसिकनाही ऐकू गेलं
आणि बाहेर फावड्यानं बर्फ ओढणाऱ्या मलाही.

मार्चमध्ये अर्शावीरचं घड्याळ आलं.
पाकिटावर आमचं आडनाव चुकीचं लिहिलेलं.

मेंढा दोन वर्षांचा झाला होता.
त्याला नाव ठेवू नकोस, असं मला बजावलं होतं.
मी ठेवलं होतं. अजून कुणाला सांगितलेलं नाही.

काका म्हणाले, अट तुटली, नवस फिटला.
गोरिसच्या बाजारात सध्या भाव चांगला आहे.
आई काहीच म्हणाली नाही. भिंतीकडे तोंड करून
महिनाभर पडून होती ती, टक्क जागी.
वडिलांनी सुरी पाजळायला घेतली.
म्हणाले, अट माझी होती. मेंढा त्याचा आहे.
आवाजात भक्ती वगैरे नव्हती,
गॅसचं बिल भरायला निघालेला माणूस बोलतो तसं बोलले.

रविवारी तेर हुसिकनी मिठावर क्रूस केला.
ते मीठ मी ओंजळीतून त्याला चाटवलं.
मीठ संपलं तरी तो माझा तळवा चाटत राहिला.
चर्चभोवती तीनदा फिरवला,
दोरी एकदाही ताणावी लागली नाही;
मी चालत होते म्हणून तो चालत होता.
आज्ञापालन म्हणतात ते हेच असेल
तर त्या दिवशी मला ते बघवलं नाही.

ऐन वेळी थांबवणारा आवाज
दुसऱ्या कुठल्या तरी डोंगरावर आला होता म्हणे.
वडील थांबले मात्र होते.
सुरी हातात, मान जराशी तिरकी,
कान देणाऱ्या माणसासारखी.
कावळे होते. फाटकावरून गेलेल्या
गॅसच्या पिवळ्या नळीत वारा वाजत होता.
मग त्यांनी उरकलं.

मताघचं मांस नुसत्या मिठापाण्यात शिजतं.
कांदा नाही, मिरी नाही, मध्ये चव बघायची नाही.
सात घरी द्यायचं, त्याच दिवशी संपवायचं,
आपल्याला काही उरवायचं नाही.
सहा भांडी मी पोचवली:
नुनुफारमावशी, लंगडा सेद्राक, शाळेच्या बाई,
आणि खालच्या आळीतली तीन घरं.
सातवं ओट्यावर निवत राहिलं.

सातवं घर कुठलं, ते कुणी बोलून दाखवत नव्हतं.
भिंतीला भिंत. त्यांचा वराझदात
अर्शावीरच्याच ट्रकमधून गेला होता,
आणि आला होता,
उजवा हात तिकडे ठेवून.
त्या घरानं कसलाच नवस केला नव्हता.

वडील बुटात पाय घालून बसले, ते बसलेच.
म्हणाले, उद्या.
मग त्यांना आठवलं, उद्या चालत नाही.

तेव्हा आई उठली.
केस तसेच, अंगावर अर्शावीरचा कोट,
भांडं कोटाच्या आत धरलेलं.
मागोमाग मी, लवाश घेऊन.

दार वराझदातनंच उघडलं. डाव्या हातानं.
त्याची आई चुलीपाशी पाठमोरी उभी होती,
पोरगा जगल्याचा गुन्हा तिच्याच हातून घडल्यासारखी.
‘तुमचा मताघ मान्य होवो,’ असं म्हणायचं असतं.
त्यानं तोंड उघडलं, मिटलं.

आई निघेना. त्याला बसवलं.
डाव्या हाताला अजून घास जमत नव्हता,
तर तिनं लवाश फाडला, मांस गुंडाळलं, दिलं.
रस्सा मनगटावरून त्याच्या कोपरापर्यंत ओघळला.
आता ती रडेल, म्हणून मी उंबरठा घट्ट धरला.
तिनं विचारलं, मीठ बरोबर आहे का?
आमच्यापैकी कुणी चाखलंच नव्हतं.

तो बराच वेळ चावत राहिला.
म्हणाला, जरा कमी आहे.

मग ती त्यांच्या चुलीपाशी गेली,
त्या बाईला खांद्यानं किंचित बाजूला सारलं,
आणि फळीवर मिठाची बरणी शोधू लागली.